पांढरा की राखाडी?

गेल्या दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या मुकुटबनच्या घरात दोन पक्ष पडले होते. एका पक्षात माझी आई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या पक्षात तिचा नातू, म्हणजे माझा भाचा, वय वर्षं चोवीस. वाद शेताच्या वाटणीचा नव्हता, कुणाच्या लग्नाचाही नव्हता. वाद होता आईच्या खोलीच्या भिंतींना कोणता रंग द्यायचा याचा. आई म्हणत होती पांढरा, भाचा म्हणत होता राखाडी. दादा नेहमीप्रमाणे तटस्थ. वहिनी म्हणाली, ‘मला रंग कोणताही चालेल, पण दिवाळीच्या आत पसारा आवरा.’ शेवटी पंच म्हणून नागपूरहून मला बोलावणं आलं.

लाल की हिरवा, असा वाद असता तर समजण्यासारखा होता. पण पांढरा आणि राखाडी! चित्रकलेच्या भाषेत यांना उदासीन किंवा तटस्थ रंग म्हणतात. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कुठल्याही पडद्याशी, कुठल्याही पलंगपोसाशी जमवून घेणारे. अशा दोन गरीब स्वभावाच्या रंगांवरून घरात चार दिवस अबोला व्हावा, याचं मला हसू आलं होतं. मुकुटबनला पोचेपर्यंत ते हसू टिकलं.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, झरी जामणी तालुक्यातलं गाव. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर तेलुगू, कोलामी आणि गोंडीही कानावर पडते. आमचं घर जुन्या वस्तीत आहे. आईची खोली मधली. तिला एकच खिडकी, तीही पूर्वेला, आणि खिडकीबाहेर कडुनिंब. सकाळी नऊपर्यंत उजेड असतो. मग दिवसभर सावली.

मी पोचले तेव्हा पलंगावर शेडकार्ड उघडं पडलं होतं. वणीच्या दुकानातून भाच्यानं आणलेलं. त्यात नुसते पांढरेच इतके, की मोजता मोजता मी दमले. दुधी, मोतिया, हस्तिदंती, बर्फाचा पांढरा, शिंपल्याचा पांढरा. राखाडीही तितकेच. आईनं चष्मा लावून सगळं कार्ड पाहिलं आणि परत देताना म्हणाली, ‘एवढे पांढरे कायले लागते रे? पांढरा म्हणजे पांढरा.’

‘आत्या, तूच सांग,’ भाचा म्हणाला. ‘पुण्यात माझ्या सगळ्या मित्रांच्या फ्लॅटमध्ये ग्रे आहे. किती शांत वाटतं! पांढरा म्हणजे दवाखाना.’

‘आन राखाडी म्हणजे मसण,’ आईनं लगेच परतवलं.

खरं तर या बाबतीत पांढऱ्यालाही फार बोलायला जागा नाही. आपल्याकडे विधवेच्या लुगड्याचा रंग पांढराच होता. पण हे आईसमोर कोण बोलणार?

आमचे पेंटरभाऊ मोठे अनुभवी. ते म्हणाले, ‘ताई, कार्डावर रंग पाहू नका. भिंतीवर हातभर चौकोन मारतो, दोन दिवस पाहा, मग बोला.’ त्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन मारले. आणि मग ते दोन तटस्थ रंग असे काही वागू लागले की बघत राहावं. सकाळी राखाडी चौकोन निळसर दिसे. दुपारी कडुनिंबावरून परतलेला उजेड आत आला की पांढऱ्याला हिरवट झाक येई आणि त्याच्या शेजारचा राखाडी उगीचच जांभळट वाटे. संध्याकाळी पिवळा बल्ब लावला की पांढरा सायीसारखा आणि राखाडी चक्क मातकट. ट्यूबलाइट लावली की दोघंही आजारी.

पेंटरभाऊंना हे अनुभवानं ठाऊक होतं; शास्त्रानं ते दोनशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलं आहे. पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध गालिचाच्या कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगविभाग सांभाळत. काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर धागा चांगलाच काळा होता. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. डोळा कोणताही रंग एकटा पाहत नाही, शेजाऱ्यासकट पाहतो, हे त्यांनी १८३९ साली ग्रंथ लिहून मांडलं. रंग जितका उदासीन तितका तो शेजाऱ्याच्या आहारी जास्त जातो. तेव्हा गृहिणींनो, राखाडी निवडायचा असेल तर आधी फरशीचा रंग पाहा, पडदे पाहा, खिडकीबाहेरचं झाड पाहा. दुकानातल्या दिव्याखाली आवडलेला राखाडी घरी येऊन निळा होतो, तो त्यामुळेच.

उजेडाचा हिशेबही पाहायला हवा. चांगला पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक परत पाठवतो. मध्यम राखाडी निम्मासुद्धा पाठवत नाही. उरलेला गिळून टाकतो. ज्या खोलीला चारी बाजूंनी ऊन आहे तिथे हे गिळणं सुखाचं. आईच्या एका खिडकीच्या खोलीत ते परवडणारं नव्हतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला होता. पण भाच्याला पटेना. ‘दिवा लावला की झालं,’ हे त्याचं उत्तर. आणि आईलाही माझी ही कारणं नकोच होती. तिचं कारण वेगळं होतं, आणि ते मला तोवर आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेंटरभाऊंनी जुना रंग खरवडायला घेतला. भिंतीवर वर्षांवर्षांचे थर होते. वरचा पिस्ता, त्याखाली गुलाबी, त्याखाली चुन्याचा पांढरा. पोपडे पडत गेले आणि सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यात, सिमेंटचं नागडं प्लास्टर दिसू लागलं. राखाडी. आई दारात उभी होती. ती नातवाला म्हणाली, ‘पाय. हाच ना तुझा रंग? सहा वर्षं पाह्यला मी थो. आता नाही पाहाचा.’

आणि मला ते सगळं घर आठवलं.

आमचं जुनं घर मातीचं होतं. १९८६ साली बाबांनी ते पाडून विटा-सिमेंटचं बांधलं. गावात तेव्हा सिमेंटचं घर म्हणजे अप्रूप. भिंती उभ्या राहिल्या, प्लास्टर झालं, आणि कापसाची दोन वर्षं लागोपाठ हातची गेली. कर्ज अंगावर. घर तसंच राहिलं, आतून-बाहेरून राखाडी. विदर्भातल्या कुठल्याही गावातून जाताना अशी घरं आजही दिसतात. त्या भिंती काय सांगतात ते गावातल्या प्रत्येकाला वाचता येतं : इथवर पैसे पुरले. चुना काही महाग नव्हता. चार दिवसांच्या मजुरीत घर पांढरं झालं असतं. पण बाबांनी हट्ट धरला होता. म्हणायचे, ‘कर्ज फिटल्याशिवाय भिंतीला चुना नाही. नाही तर लोक म्हणतील, आम्हाला चुना लावला अन् घराला पण लावला.’ या वाक्यावर आम्ही मुलं हसायचो. आई कधी हसल्याचं आठवत नाही.

१९९१ साली मला पाहायला वरोऱ्याची मंडळी आली. त्या सकाळी आईनं बैठकीच्या भिंतीला खिळे ठोकून आपली दोन लुगडी ताणून बांधली. एक मोरपंखी, एक डाळिंबी. राखाडी झाकायला. पाहुणे त्या भिंतीला टेकून बसले, पोहे खाल्ले, लग्न जमलं. माझ्या सासूबाईंनी पुढे कितीतरी वर्षांनी मला सांगितलं, ‘तुमच्याकडची लुगडी फार छान होती गं, पण भिंतीवर का होती?’ मी काहीतरी उत्तर दिलं.

१९९२ च्या दिवाळीला कर्ज फिटलं आणि बाबांनी राजूरहून कळीचा चुना आणला. वणीजवळचं राजूर चुनाभट्ट्यांसाठी आमच्या भागात प्रसिद्ध. कळीचा चुना म्हणजे भाजलेल्या चुनखडकाचे ढेकळासारखे पांढरट खडे. ते पत्र्याच्या पिंपात टाकून वर पाणी ओतलं की पिंप गुरगुरायला लागतं. वाफा उठतात, पाणी विस्तवाशिवाय उकळतं. लहान मुलांनी जवळ जायचं नाही, कारण एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जायचा. रात्रभर चुना निवत ठेवायचा, फडक्यानं गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालायची, मग कुंचा. आणि खरी गंमत पुढेच. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. ओढला तिथे नुसता ओला डाग. माणसाला वाटतं, फुकट गेलं. जेवून परत येईस्तोवर भिंत वाळते आणि पांढरी होते. त्या दिवशी आई जेवलीच नाही. भिंतीसमोर पाटावर बसून ती भिंत पांढरी होताना पाहत होती.

यामागचं रसायन शाळेच्या पुस्तकात असतं. चुनखडक सुमारे नऊशे अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कर्बवायू उडून जातो. शुद्ध शंभर किलो दगडाचा छप्पन्न किलो चुना उरतो. पाणी घातलं की त्याची निवळी होते. ती भिंतीवर चढली की हवेतला कर्बवायू हळूहळू परत शोषून घेते आणि तिचा पुन्हा चुनखडकच होतो. म्हणजे चुना दिलेल्या भिंतीवर आपण कागदाइतका पातळ दगडच चढवलेला असतो. तो भिंतीतली ओल अडवत नाही, आणि ताजा असताना बुरशीला थारा देत नाही. जुन्या मातीच्या घरांना तोच मानवतो. अशा भिंतीवर हल्लीचा प्लॅस्टिक रंग मारला की आतली ओल कोंडते आणि पहिल्या पावसाळ्यात फोड येतात. पण हेही खरं, की चुन्याला पाठ टेकली की पाठ पांढरी होते, आणि दर दिवाळीला तो पुन्हा द्यावा लागतो. आता घराघरांत तेवढं करायला हात कुणाचे आहेत?

आता या हकीकतीतली मौज पाहा. ज्या सिमेंटच्या राखाडीला आई इतकी विटलेली, तो सिमेंटही त्याच दगडाचा. आमच्या भागातला चुनखडक भूगर्भशास्त्रात पैनगंगेच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या थरांतला, शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. दगड नुसता भाजला की पांढरा चुना. तोच दळून, चिकणमाती मिसळून साडेचौदाशे अंशांपर्यंत भाजला की सिमेंट. राखाडीपणा मुख्यतः येतो तो कच्च्या मालातल्या लोहामुळे. लोह जवळजवळ नसलेला माल निवडला की तोच सिमेंट पांढरा निघतो. जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या इंग्रज गवंड्यानं १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि आता तर मुकुटबनलाच वर्षाला एकोणचाळीस लाख टन क्षमतेचा सिमेंटचा कारखाना उभा आहे. तो २०२२ साली सुरू झाला. आमच्या गावाच्या पायाखालीच दोन्ही रंग एकमेकांत मिसळून पडले आहेत. भांडण फक्त भिंतीवर आल्यावर सुरू होतं.

आपल्या जुन्या माणसांनी गावाचे भागच मुळी रंगानं केले होते. शेतजमीन ती काळी आणि घरांची वस्ती ती पांढरी. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, भुसा यांनी वस्तीची माती फिकट होत जाते, तिला पांढरी म्हणायचे. म्हणायला पांढरी, पण हातात घेऊन पाहाल तर ती असते राखाडी! मी हे भाच्याला ऐकवलं तेव्हा त्याला केवढा आनंद झाला. ‘बघ आजी, आपलं सगळं गावच ग्रे आहे.’ आजीनं उत्तर दिलं नाही. पण लुगड्यांची गोष्ट त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली होती, आणि रात्री त्यानं शेडकार्ड स्वतःहून कपाटात ठेवून दिलं.

तेव्हा ठरलं, पांढरा. चुना आता बसणार नव्हता, कारण भिंतीवर डिस्टेंपरचे थर होते आणि चुन्याला खडबडीत, कोरी भिंत लागते. म्हणून प्रायमर, लांबी आणि चकाकी नसलेला पांढरा. (या डब्यातल्या रंगांचा पांढरेपणा टिटॅनियमच्या भस्मातून येतो. आणि त्याचं एक खनिज केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडतं. पांढऱ्याचं मूळ शोधायला जावं तर असं.)

खोली तयार झाली. फरशी वहिनीनं दोन वर्षांपूर्वीच पांढरट टाइल्सची करून घेतली होती. दाराची चौकट पांढरी, स्विचबोर्ड पांढरा, आता भिंतीही पांढऱ्या. खोली उजळून निघाली. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. संध्याकाळी आई आत गेली आणि दोन पावलांवर थांबली. हात पुढे करून ती भिंत चाचपू लागली.

‘काय झालं?’

‘कुठं सरते फरशी, समजत नाही वं.’

गेल्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. डावा अजून व्हायचाय. दोन दिवस ते चौकोन पाहताना ती एकेक डोळा मिटून पाहत होती, तेव्हा आम्हाला वाटलं होतं, उगाच. आता तिनं सांगितलं : या डोळ्यानं पांढरा निळा दिसते, त्या डोळ्यानं पिवळा. तिचं बरोबर होतं. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळसर, तपकिरी होत जातं आणि जगही तसंच दिसू लागतं. भिंग बदललं की निळा रंग एकदम परत येतो. फ्रेंच चित्रकार मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्यानंतर त्यांनाही रंग असेच छळत होते. म्हणजे आम्ही दोन दिवस ‘पांढरा की राखाडी’ यावर तोंडाची वाफ दवडत होतो, आणि जिची खोली तिला चार चौकोन दिसत होते.

रंग कोणता, यापेक्षा कशाशेजारी कोणता, हे म्हाताऱ्या डोळ्यांना जास्त लागतं. भिंत कुठे संपते, फरशी कुठे सुरू होते, बटण कुठे आहे, उंबरा कुठे. सगळं एकाच रंगाचं केलं की दिसायला सुंदर, पण चालणाऱ्याला दरी. घरात वयस्क माणूस असेल तर एवढं जरूर पाहा. पडून मांडीचं हाड मोडलं की काय होतं, हे पुष्कळ घरांना ठाऊक आहे.

मी हतबल. पुन्हा सगळं राखाडी करायचं? पेंटरभाऊ ब्रश धूत होते. ते म्हणाले, ‘आजी, पहिले खाली पट्टा राहत जाय ना?’

पट्टा! आईच्या माहेरी, आमच्या मातीच्या घरी, सगळ्या गावभर भिंती वरून पांढऱ्या आणि खाली वीतभर, कुठे गुडघ्याएवढा, गडद पट्टा असायचा. गेरूचा, नाही तर काळसर मातीचा. सारवताना शिंतोडे उडत, पाऊस तुडवून आलेले पाय लागत, ते दिसू नयेत म्हणून. आम्ही तो मागासलेपणा समजून काढून टाकला होता. अंधारात, कंदिलाच्या उजेडात तोच पट्टा माणसाला जमीन दाखवत असे, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

‘कोणता रंग देऊ?’ पेंटरभाऊंनी विचारलं. आई थोडा वेळ गप्प होती. मग नातवाकडे न पाहता म्हणाली, ‘त्याचा डबा आनून ठेवला ना, थो वाया कायले घालवता?’

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुडघ्याएवढा गडद राखाडी पट्टा चारी भिंतींना फिरला. स्विचबोर्डाभोवती तसाच चौकोन, आणि दाराच्या चौकटीलाही तोच हात. संध्याकाळी आई पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून पलंगापर्यंत चार वेळा गेली. भिंतीला हात न लावता.

उरलेला डबा भाच्यानं स्वतःच्या खोलीला लावला. त्याची खोली पश्चिमेची, दुपारी उन्हानं भाजून निघणारी. तिथे राखाडी शोभला, हे मला कबूल करावं लागलं. ऊन आत येतं पण भिंतीवरून डोळ्यात शिरत नाही.

परवा फोन केला तर दुपारचे अडीच वाजले होते. वहिनीला म्हटलं, आईला दे. ती म्हणाली, ‘ताई, झोपल्या आहेत. पोराच्या खोलीत.’

‘तिथे कशाला?’

‘म्हणतात, ऑपरेशनच्या डोळ्याले तिथं बरं वाटते. पण त्याले सांगू नको म्हणाल्या.’